सुखाची वही आणि पावसाची वही

२०२४च्या गुढीपाडव्याला, म्हणजे ९ एप्रिल रोजी, मी एक नवी वही घेतली, तिच्या पहिल्या पानावर ‘सुख’ असे लिहिले आणि खाली दुहेरी रेघ मारली. तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन आणि लेखाकर्म हा विषय शिकवल्यामुळे कोणतेही काम हाती घ्यायचे तर आधी त्याची वही उघडायची, ही सवय अंगात मुरलेली होती. रोज रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवशी आपण किती सुखी होतो याचे दहापैकी गुण द्यायचे आणि पुढच्या रकान्यात एका ओळीत कारण लिहायचे, असा नेम मी ठरवला. महिनाअखेरीस सरासरी काढायची, ज्या गोष्टींनी गुण वाढतात त्या अधिक करायच्या आणि ज्यांनी घटतात त्या सोडायच्या, इतका तो हिशेब सोपा होता आणि मी तो अतिशय प्रामाणिकपणे ठेवला. एप्रिलची सरासरी साडेसहाच्या आसपास आली, मेची सहाच्या खाली गेली, आणि जुलैत मी सलग अकरा दिवस चार किंवा त्याहून कमी गुण दिले होते. त्या चार महिन्यांत माझ्या आयुष्यात वाईट असे काहीही घडले नव्हते.

हे शेवटचे वाक्य तेव्हा मला कोणालाही नीट सांगता आले नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे. डिसेंबर २०२३मध्ये, वयाच्या ५४व्या वर्षी, मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्याआधीच फिटला होता, मुलगा बेंगळुरूला नोकरीत स्थिरावला होता, माझी आणि यजमानांची प्रकृती ठीक होती, आणि वाईचे घर आई-अण्णांच्या मागे आम्हा दोघी बहिणींच्या नावावर विनासायास झाले होते. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत मान घालून बसलेली असताना मी वर्षानुवर्षे मनाशी जे जे म्हणत आले होते, म्हणजे सकाळी सावकाश उठायचे, पेटी शिकायची, गर्दीचा मोसम टाळून कोकणात जायचे, राहून गेलेली पुस्तके वाचायची, ते सगळे आता करता येणार होते आणि मी ते केलेही. पेटीचा वर्ग लावला. पहाटे टेकडीवर जाऊ लागले. जुन्या मैत्रिणींना शोधून काढून भेटले. तरीही दुपारी तीनच्या सुमारास, घर शांत असताना, छातीवर कोणीतरी ओला कपडा पसरून ठेवावा तसे काहीतरी होत असे आणि ते संध्याकाळपर्यंत उतरत नसे. वही सुरू केली ती त्यावर उपाय म्हणून.

त्या वहीने नेमके काय केले, हे मला एका संध्याकाळी दिसले, पण समजले नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याच्या तोंडावर, आम्ही दोघे वेळणेश्वरला गेलो होतो. किनाऱ्यावर फारसे कोणी नव्हते. नैर्ऋत्येकडून काळे ढग वर चढत होते, ओहोटी लागली होती, आणि यजमान ओल्या वाळूत उकिडवे बसून एक खेकडा आपले बीळ कसे उकरतो आहे ते पाहत होते. त्या क्षणी मी सुखी होते, याबद्दल मला आजही शंका नाही. तेवढ्यात मनात प्रश्न आला की याचे आठ गुण की साडेआठ, आणि त्या प्रश्नाबरोबर सगळेच बदलले. समुद्र होता तिथेच होता, परंतु मी आता समुद्राकडे पाहत नव्हते; समुद्राकडे पाहणाऱ्या माझ्याकडे पाहत होते. मग असे वाटले की या प्रवासाची आपण इतकी वर्षे वाट पाहिली, तर निदान नऊ गुण तरी पडायला हवेत. ते नऊ का पडत नाहीत, याचा शोध घेता घेता अंधार झाला. यजमान खेकड्याविषयी काही सांगत होते, ते मी ऐकले नाही. रात्री वहीत सहा गुण लिहिले, आणि कारणाचा रकाना त्या दिवशी पहिल्यांदा कोरा राहिला.

परत आल्यावर ताईला फोनवर यातले थोडेसे सांगितले. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे, तिने संसारात पुष्कळ सोसले आहे, आणि माझे बोलणे पुरते ऐकण्याआधीच ती म्हणाली, “तुला सुख दुखतंय, दुसरं काही नाही.” तिने ते रागाने म्हटले नव्हते, पण मला ते फार लागले, कारण त्यात खोटे असे काही सापडत नव्हते. नंतर कितीतरी दिवस मी त्या शब्दांचा विचार करत राहिले. डोके दुखते, पाय दुखतो, तसे सुख दुखते, असे म्हणणारी आपली भाषा आहे. बायकांनी बायकांना दटावण्यासाठी हा प्रयोग पिढ्यान् पिढ्या वापरला असेल, परंतु शब्द जसेच्या तसे घेतले तर त्यात माझ्या अवस्थेचे अचूक वर्णन होते. शरीराचा जो भाग निरोगी असतो त्याची आपल्याला जाणीवच नसते. गुडघा आहे हे आठवते ते तो दुखू लागल्यावर. माझ्या सुखाची मला अष्टौप्रहर जाणीव होती, मी ते सारखे चाचपून पाहत होते, आणि चाचपून चाचपून ते हुळहुळे झाले होते.

त्यावर आणखी एक ओझे होते. दुःखाला कारण असले की माणूस निदान त्या कारणाचा हात धरून बसू शकतो. कारण नसलेल्या दुःखाची लाज वाटते. ज्यांच्या घरी खरोखर आजारपण आहे, ज्यांचे कर्ज फिटलेले नाही, ज्यांची मुले दुरावलेली आहेत, त्यांच्यासमोर आपण कोणत्या तोंडाने उदास बसावे, असे मला वाटत असे. अशा रीतीने मूळच्या दुःखावर त्या दुःखाचे दुःख चढत गेले, आणि मुद्दलापेक्षा व्याज मोठे व्हावे तसे ते दुसरे दुःखच अधिक जड झाले. या काळात मी डॉक्टरांकडेही जाऊन आले. त्यांनी थायरॉइड आणि ब-१२ तपासले, झोप आणि भूक यांविषयी बारकाईने विचारले, आणि औषधाची गरज सध्या दिसत नाही, पण झोप उडाली किंवा जेवण तुटले तर लगेच या, असे सांगितले. ज्यांना तशी गरज असते त्यांचा आजार खरा असतो, आणि मी पुढे जे लिहिणार आहे ते त्या आजारावरचे उत्तर नव्हे, हे इथेच स्पष्ट केलेले बरे.

मला पहिला आधार मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी. आगरकरांविषयीचे वाचन करताना जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचे नाव पुन्हा पुन्हा येत होते. महाराष्ट्रात त्या पिढीने मिल वाचला तो व्यक्तिस्वातंत्र्यासाठी आणि समाजसुधारणेसाठी, आणि माझ्याही मनात त्याची प्रतिमा एका कोरड्या, तर्कनिष्ठ पंडिताची होती. म्हणून त्याचे आत्मचरित्र मी जवळजवळ कर्तव्य म्हणून हाती घेतले. त्याच्या मृत्यूनंतर, १८७३ साली, ते प्रसिद्ध झाले. त्यातल्या पाचव्या प्रकरणात मला माझी वही सापडली.

मिलचा जन्म १८०६चा. वडील जेम्स मिल यांनी त्याला शाळेत न घालता घरीच शिकवले. तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन सुरू झाले. पंधराव्या वर्षी त्याने जेरेमी बेंथॅम या तत्त्वज्ञाचे विचार वाचले आणि जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख या ध्येयासाठी जगाची सुधारणा करायची, हे त्याचे आयुष्य ठरून गेले. १७व्या वर्षी तो लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत लागला, जिथून हिंदुस्थानात पाठवायचे खलिते तयार होत. म्हणजे सुखाचा विचार हाच ज्याचा जणू धर्म होता, असा हा तरुण होता. १८२६च्या शरद ऋतूत, वयाच्या विसाव्या वर्षी, कोणत्याही आघाताविना त्याचे मन मंदावले. त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला: समजा, तुझी सगळी उद्दिष्टे पूर्ण झाली, ज्या संस्था आणि जी मते बदलावीत असे तुला वाटते ती याच क्षणी बदलली, तर तुला मोठा आनंद होईल का? आतून स्पष्ट उत्तर आले की नाही होणार. ज्या पायावर आयुष्य उभे होते तो पायाच त्या एका उत्तराने खचला.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते, हे मला आठवते. मी तो प्रश्न कधी विचारला नव्हता. माझ्या बाबतीत तो परिस्थितीनेच विचारला होता. माझी उद्दिष्टे मिलच्या मानाने फार लहान होती, एक कर्ज, एक मुलगा आणि थोडासा मोकळा वेळ, पण ती सगळी एकाच वर्षी पूर्ण झाली आणि उत्तर तेच आले.

पुढचे वर्णन तर मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. तो संपूर्ण हिवाळा मिल कामावर जात राहिला, लिहीत राहिला, भाषणे देत राहिला, पण सगळे सवयीने. कोणाला सांगावे असे कोणी नव्हते, आणि वडील तर या बाबतीत मदतीसाठी आठवावेत अशांतले शेवटचे होते. संगीताने त्याला पूर्वी आनंद दिला होता, पण आता त्याला एका विचित्र काळजीने घेरले: सप्तकात स्वर मोजकेच आहेत, त्यांच्या सुंदर जुळण्याही मर्यादितच असणार, आणि त्यांतल्या बहुतेक आधीच सापडून गेल्या असतील, तर एक दिवस संगीत संपून जाईल. मी पेटीच्या वर्गाला जात होते तेव्हाच हे वाचले, आणि मला त्या काळजीचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. सुखाचा साठा मोजायला बसलेल्या माणसाला तो संपण्याची भीती वाटणारच.

त्याला बाहेर काढले ते युक्तिवादाने नव्हे. मार्मोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना एक प्रसंग आला: वडील वारले आहेत, कुटुंब उघडे पडले आहे, आणि लहान मुलाला एकाएकी असे वाटते की गेलेल्याची जागा आपण भरून काढू, यांना काही कमी पडू देणार नाही. ते वाचताना मिलच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्या क्षणापासून त्याचे ओझे हलके होऊ लागले, कारण आपण लाकूड किंवा दगड झालेलो नाही, हे त्याला कळले. लगेच सगळे सुरळीत झाले असे नाही. ती मरगळ पुढे अनेकदा परतली, आणि १८२८ साली वर्ड्‌स्वर्थच्या कविता हाती येईपर्यंत त्याला स्थिर समाधान मिळाले नाही. या सगळ्यातून त्याने जो निष्कर्ष काढला तो असा, की सुख हे आयुष्याचे साध्य आहेच, पण त्यालाच थेट लक्ष्य केले तर ते मिळत नाही. ज्यांचे मन दुसऱ्या कशावर तरी लागलेले असते, दुसऱ्याच्या सुखावर, एखाद्या कलेवर, एखाद्या कामावर, त्यांनाच ते वाटेत भेटते. आपण सुखी आहोत का असे स्वतःला विचारा, की तुम्ही सुखी राहत नाही, असे त्याने लिहिले आहे. पुढे १८७४ साली हेन्री सिजविक या तत्त्वज्ञानेही सुखाची ओढ फार बलवत्तर झाली की ती स्वतःचाच हेतू हाणून पाडते, हा विचार नीतिशास्त्रात मांडला.

अलीकडच्या काळात मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगांनी तपासून पाहिले आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना स्ट्राविन्स्कीची एक संगीतरचना ऐकवली गेली. काहींना नुसते ऐकायला सांगितले, काहींना ऐकताना जास्तीत जास्त आनंदी होण्याचा प्रयत्न करायला सांगितले, तर काहींना आपण किती आनंदी आहोत याची सतत नोंद ठेवायला सांगितले. नुसते ऐकणाऱ्यांच्या मानाने प्रयत्न करणारे आणि नोंद ठेवणारे अधिक नाराज होऊन उठले. त्याच अभ्यासकांनी ३१ डिसेंबर १९९९च्या रात्रीविषयीही लोकांना विचारले होते, आणि त्या रात्रीकडून ज्यांनी फार मोठ्या आनंदाची अपेक्षा ठेवली होती त्यांच्या पदरी निराशा अधिक पडली होती.

माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचा अभ्यास २०११चा, आयरिस मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. सुखाला अतिशय महत्त्व देणाऱ्या स्त्रियांना सुख कमी मिळते असे त्यांना आढळले, पण सरसकट नव्हे, तर ज्यांच्या आयुष्यात त्या वेळी ताण कमी होता त्यांच्या बाबतीत. प्रयोगातही तेच दिसले. काही जणींना आधी सुखाचे महत्त्व सांगणारा मजकूर वाचायला दिला आणि मग चित्रफीत दाखवली. दुःखद चित्रफितीने काही फरक पडला नाही, पण आनंदाच्या चित्रफितीने तो मजकूर वाचलेल्यांना इतरांपेक्षा कमी आनंद झाला, कारण त्या स्वतःच्याच भावनांविषयी निराश झाल्या होत्या. वाईट दिवसांत माणूस स्वतःला माफ करतो. चांगल्या दिवसांत त्याच्याकडे सबब नसते. वेळणेश्वरचे सहा गुण मला इथे समजले.

चार वर्षांनी, २०१५ साली, अशाच अभ्यासकांनी निरनिराळे देश तुलनेसाठी घेतले. अमेरिकेत सुखाच्या मागे लागण्याचा संबंध कमी समाधानाशी होता, जर्मनीत तसा संबंध दिसला नाही, आणि रशिया व पूर्व आशियात तो उलट, म्हणजे अधिक समाधानाशी होता. त्यांचे स्पष्टीकरण असे की तिथे लोक सुख शोधतात ते माणसांच्या सहवासात. मी भारतीय असूनही माझा शोध मात्र बंद दाराआडचा, रात्री दहा वाजता एकटीने रकाने भरण्याचा होता, ही गोष्ट मला बरेच दिवस खुपत राहिली.

‘सुख पाहता जवापाडें, दुःख पर्वताएवढें’ ही तुकोबांची ओळ लहानपणापासून कानावर आहे. त्यातले ‘पाहता’ म्हणजे विचार करू जाता, इतकाच सरळ अर्थ आहे आणि तुकोबांच्या तोंडी मी माझा अर्थ घालू इच्छित नाही. तरी त्या वर्षी मला त्या शब्दापाशी अडखळायला होई. सुख पाहता जवापाडे. पाहायला गेले की जवाएवढे.

ऑगस्टमध्ये मी वही बंद केली. थकले म्हणून केली, शहाणपण आले म्हणून नव्हे. दिवाळीनंतर ताई आणि मी वाईचे घर आवरायला गेलो. अण्णा २०२२च्या थंडीत गेले, त्यानंतर ते बंदच होते. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९७२चा दुष्काळ त्यांनी जवळून पाहिला होता, आणि पुढच्या मृगापासून, म्हणजे जून १९७३पासून, त्यांनी अंगणात पाऊस मोजायला सुरुवात केली. सरळ कडांची काचेची बरणी, तिच्या तोंडाएवढेच पत्र्याचे नरसाळे आणि बाहेरून चिकटवलेली मिलिमीटरची पट्टी, एवढेच ते साधन होते. पारिजातकाच्या फांद्यांतून पडणारे पाणी त्यात येऊ नये म्हणून त्यांनी ते झाडापासून लांब ठेवले होते, आणि आम्ही मुली अंगणात खेळताना बरणीभोवतीच्या रिंगणात पाय ठेवायला आम्हाला मनाई होती. वेधशाळेच्या रीतीप्रमाणे ते सकाळी साडेआठला नोंद घेत. त्या दिवसाचा आकडा म्हणजे आधीच्या चोवीस तासांत पडलेला पाऊस.

त्यांच्या वह्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या, वर्षाला एक. मी त्या जमिनीवर मांडून वाचत बसले. तारीख, मिलिमीटर, नक्षत्र आणि शेवटी जागा उरली तर चार शब्द. ‘पुनर्वसू. तरणा पाऊस नावाला शोभला.’ ‘पसरणी घाटात दरड, एसटी बंद.’ ‘कारल्याचा वेल पडला, उभा केला.’ ‘निरंक’ हा शब्द तर पानेच्या पाने. पसरणीचा घाट चढून गेले की पुढे महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस वाईच्या वाट्याला किती थोडा येतो, याविषयी त्यांची कुठेही तक्रार नव्हती. आपण स्वतः कसे आहोत, हे तर सबंध ट्रंकेत कुठेच नव्हते. मी मुद्दाम शोधले. ताईच्या लग्नाच्या दिवशी ‘३ मिमी’, मला नोकरी लागली त्या दिवशी ‘निरंक’.

मग २००९ची वही हाती आली. आई त्या वर्षी २४ जुलैला पहाटे गेली. त्या तारखेपुढे अण्णांच्या त्याच सरळ अक्षरात लिहिले होते: ‘२२ मिमी. पुष्य. नोंद उशिरा घेतली.’

मी किती वेळ रडत होते ते सांगता येणार नाही. बावीस मिलिमीटर म्हणजे आईच्या शेवटच्या रात्री पडलेला पाऊस होता. घरात माणसे जमली असताना, पुढची तयारी चालली असताना, ते केव्हा तरी उठून अंगणात गेले होते, बरणीतले पाणी पाहिले होते, आकडा लिहिला होता, आणि तो वेळेवर घेतलेला नाही ही उणीवही प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती. पंधरा वर्षे मला वाटत आले होते की अण्णा आईसाठी पुरेसे रडले नाहीत. त्या तीन शब्दांत त्यांनी काय ठेवले होते हे मला त्या दिवशी दिसले, आणि मिलला मार्मोंतेल वाचताना काय झाले असेल हेही मला पहिल्यांदा पुस्तकाबाहेर कळले. ते रडणे अतिशय दुःखाचे होते. तरीही वर्षभर दुपारी तीन वाजता छातीवर येणाऱ्या त्या ओल्या कपड्याशी त्याचे काहीच साम्य नव्हते. ते कोणासाठी तरी होते.

पुण्याला परतताना मी दोन्ही वह्यांचा विचार करत होते. दोन्ही मोजमापाच्याच वह्या, दोन्ही नेमाने भरलेल्या. पण पाऊस मोजल्याने पावसाचा एक थेंबही कमी होत नाही. बरणी अंगणात असते, मोजणारा तिच्याकडे वाकून पाहतो, आणि पाहताना तो स्वतःला विसरतो. माझ्या वहीत बरणीही मीच, पाणीही मीच आणि वाकून पाहणारीही मीच होते, आणि माझ्या सावलीने मी सतत तिचे तोंड झाकत होते.

मिलच्या सल्ल्यात मला एक अडचण वाटत आली आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सुख थेट शोधू नका, दुसऱ्या कशात मन घाला म्हणजे ते मिळेल, असे एकदा कळल्यावर माणूस ते दुसरे काहीतरी सुखासाठीच शोधू लागतो. मी पाऊस मोजायचे ठरवले तेव्हा हीच शंका मला आली. याने आपल्याला बरे वाटेल म्हणून आपण हे करत असू, तर ही तीच वही आहे, फक्त तिला दुसरे वेष्टन घातले आहे. या शंकेचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ आजही नाही. एवढे मात्र अनुभवाने सांगता येते, की काही कामांना त्यांची स्वतःची अट असते आणि ती अट आपल्या मनःस्थितीची वास्तपुस्त करत नाही. साडेआठ म्हणजे साडेआठ. आदल्या रात्री उदास झोपले होते म्हणून आकडा बदलत नाही.

२०२५चा पाऊस मृगाची वाट न पाहता मे महिन्यातच आला, आणि माझी बरणी त्याआधी तयार नव्हती याची मला खरोखर हळहळ वाटली. अण्णांचेच नरसाळे मी आणले होते. बरणी नवी घ्यावी लागली. सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून लांब, ती विटांच्या आधाराने ठेवली. खालच्या मजल्यावरची तिसरीतली मुलगी शाळेला सुट्टी असली की सकाळी वर येते. काचेच्या कडेला पाणी किंचित वर चढलेले दिसते, म्हणून मधला खालचा भाग वाचायचा, हे तिला पटायला आठवडा लागला, आणि सहा की सात यावरून आमचा वाद अजूनही होतो. दुपारी तीनची ती उदासी गेली आहे असे मी म्हणणार नाही. ती येते. आता मी तिला किती गुण, हे ठरवत नाही, आणि ती का आली याचा जाबही विचारत नाही. त्यामुळे ती आली तशी काही वेळाने उठून जाते, आणि कधी कधी ती केव्हा गेली हे माझ्या लक्षातही येत नाही.

जुलैत ताई चार दिवस राहायला आली. आईची तारीख त्या दिवसांतच होती. संध्याकाळी पाऊस लागून राहिला होता, आम्ही दोघी खिडकीशी बसलो होतो, आणि मी तिला २००९ची वही दाखवली. वाईला घर आवरताना ती भांड्यांच्या खोलीत होती, मला ही नोंद तिला दाखवण्याचे तेव्हा धैर्य झाले नव्हते. तिने चष्मा लावून ती ओळ वाचली आणि बराच वेळ पानावर बोट ठेवून बसली.

“उशिरा म्हणजे किती वाजता घेतली असेल गं?” तिने विचारले.

आम्ही दोघी आठवू लागलो. आई पहाटे पाचच्या सुमारास गेली. डॉक्टर सहाला येऊन गेले. मी पुण्याहून निघून पोहोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि अण्णा ओसरीवर खांबाला टेकून बसलेले होते, हे मला पक्के आठवत होते. म्हणजे त्यानंतरच.

“साडेनऊ,” ताई म्हणाली. “मी त्यांना चहा द्यायला आले, तर ते जागेवर नव्हते. मी परसात बघितलं, आत बघितलं. अंगणात बघायचं सुचलंच नाही मला.”